दे इकडे

सोमवार, २ मार्च

ही वही मी घेतलेली नाही, माझ्या गळ्यात मारलेली आहे. "रोज लिहायचं," असं मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "मी वाचणार नाही. खोटं लिहिलंत तर तुमचंच नुकसान." वर्गात आम्ही चौदा रेसिडेंट डॉक्टर बसलो होतो आणि सगळ्यांच्या हातात शाळेतल्यासारखी एकेक वही.

हे सगळं सरांमुळे. आमच्या सर्जरी विभागात व्याख्यात्याची एक जागा निघालीय. तीन वर्षं मी त्या जागेवर डोळा ठेवून आहे. गेल्या आठवड्यात सरांकडे अर्ज घेऊन गेले तर म्हणाले, "तुझे हात सोन्याचे आहेत गं. पण नुसते हात वर्गात ठेवून मी काय करू? शिकवता येतं का तुला?" म्हटलं, सर, त्यात काय न येण्यासारखं आहे? तर म्हणे नवा नियम झालाय. सहा आठवड्यांचा वर्ग करा, 'शिकवता येतं' असा दाखला आणा, मग अर्ज करा.

आणि शिकवणार कोण, तर मोठ्या सिस्टर! पस्तीस वर्षं नर्सिंगच्या शाळेत घालवून निवृत्त झालेल्या. हाडांच्या विभागातला माझा बॅचमेट, त्याला सगळे हाडवाला म्हणतात, तो माझ्या कानात कुजबुजला, "आता आपल्याला थर्मामीटर झटकायला शिकवतील." मी खदखदून हसले. सिस्टरांनी नुसतं बघितलं. आम्ही दोघांनी निमूट वह्या उघडल्या.

शेवटी परीक्षा आहे. पण ती आमची नाही, आमच्या हाताखालच्या इंटर्नची. इंटर्नने आमच्यासमोर एक काम पहिल्यापासून शेवटपर्यंत करायचं. आम्ही बोलू शकतो. हात लावला की आम्ही नापास.

म्हणजे माझी जागा दुसऱ्याच्या हातात. आणि तो हात कोणाचा, तर मूगचा. ही माझी इंटर्न. काहीही विचारा, मूग गिळून बसते, म्हणून मी मनातल्या मनात तिला मूगच म्हणते. कपाळ माझं!

मंगळवार, ३ मार्च

लगेच शिकवायला सुरुवात केली. उगाच वेळ घालवणं माझ्या स्वभावात नाही.

ड्रेसिंग रूममध्ये एक बेकरीवाला आला होता, पाव कापायच्या सुरीने तळवा कापून घेतलेला. मूगला म्हटलं, आज तू घाल टाके. तिने सुई चिमट्यात जरा तिरकी धरली. म्हटलं, दे इकडे, अशी धरतात. मग बधिर करायचं इंजेक्शन भरायला तिने एवढा वेळ लावला की पेशंट घामाघूम. म्हटलं, दे इकडे. मी बेकरीवाल्याला विचारलं, "पहिला पाव भट्टीत किती वाजता जातो हो तुमचा?" तो सांगायला लागला, पीठ कधी मळतात, यीस्ट कधी फुगतं, आणि त्याचं सांगून होईपर्यंत माझं टोचूनही झालं. पेशंट बोलका असला की बरं पडतं. पाच टाके, चार मिनिटं.

"समजलं?" मूगने मान हलवली. मग खिशातून एक छोटी डायरी काढून काहीतरी लिहीत बसली. लिहून टाके येत असते तर सगळे कारकून सर्जन झाले असते.

एक मात्र बरं वाटलं. इंटर्नच्या खोलीतल्या फळ्यावर आठवड्याच्या ड्यूट्या लिहिलेल्या असतात. माझ्या दिवसापुढे लिहिलं होतं, 'दे. इ. मॅडम'. देखरेख इन्चार्ज, बहुतेक. चला, पोरं मान तरी ठेवतात.

शुक्रवार, ६ मार्च

आज जे झालं ते लिहायची लाज वाटते, पण खोटं लिहायचं नाही असं ठरलंय.

सिस्टरांनी दोघादोघांना पाठीला पाठ लावून बसवलं. एकाने बुटाची नाडी बांधायला 'शिकवायचं', दुसऱ्याने ती येतच नाही असं समजून, सांगितलं तेवढंच करायचं. बघायचं नाही, हात लावायचा नाही. मी म्हटलं, हे काय बालवाडीचं काम! माझ्या वाट्याला हाडवाला आला.

"उजवी नाडी डावीवर घे."

"घेतली."

"आता खालून काढ."

"कुणाच्या खालून?"

"अरे, तिच्याच!"

"ती म्हणजे कोण? इथे दोघीजणी आहेत."

दहा मिनिटांनी वळून बघितलं तर त्याने डावा बूट उजव्या बुटाला बांधून ठेवला होता. उभा राहिला तो धाडकन टेबलावर. सगळा वर्ग हसून हसून लोळला. मीही हसले, पण आतून चपापले. रोज ऑपरेशन थिएटरात एका हाताने, न बघता शंभर गाठी मारते मी. आणि एक गाठ तोंडाने सांगता येईना?

सिस्टर म्हणाल्या, "तुमच्या हातांना जे येतं ते तुमच्या तोंडाला माहीत नाही. आधी दोघांची ओळख करून द्या."

बाई बोलतात मात्र मुद्द्याचं.

बुधवार, ११ मार्च

सिस्टर आज ड्रेसिंग रूमच्या कोपऱ्यात स्टुलावर बसून माझं शिकवणं बघत होत्या. मी जीव तोडून शिकवलं. एकूण चार पेशंट. त्या मधूनमधून कागदावर रेघ मारत होत्या. जाताना मोजल्या, एकोणीस.

एकोणीस! बाकीच्यांना पाच-सहा मुद्देसुद्धा जमले नसतील. हाडवाल्याला सांगितलं तर त्याला खोकल्याची उबळ आली.

सोमवार, १६ मार्च

डोकं ठिकाणावर नाही. लिनन रूममध्ये चादरींच्या गठ्ठ्यावर बसून लिहितेय. इथे कोणी येत नाही.

सकाळी सिस्टरांनी बोलावून तो रेघांचा कागद पुढे ठेवला. "ह्या कशाच्या, ओळखा." मी म्हटलं, मुद्दे. त्या म्हणाल्या, "चाळीस मिनिटांत तुम्ही एकोणीस वेळा 'दे इकडे' म्हणालात."

मी म्हटलं, शक्यच नाही. त्यांनी वाद घातला नाही. "मूगचं", म्हणजे त्यांनी तिचं खरं नाव घेतलं, "लॉगबुक बघितलंत का कधी?" लॉगबुक म्हणजे इंटर्नची कामांची नोंद. शेवटी मीच सही करायची असते, म्हणून शेवटीच बघते. आज उघडलं.

टाके. पाहिले: अडतीस. स्वतः घातले: शून्य.

शून्य. चार महिने माझ्या हाताखाली आहे ही मुलगी.

मला आधी रागच आला. तिला जाऊन म्हटलं, तू बोलायचं नाहीस का? ती खाली बघत म्हणाली, "बोलणार होते, मॅडम. पण तोवर तुमचं होऊन जायचं." मग विचारलं, पुढे कुठे जाणार आहेस? मे महिन्यात डोंगरापलीकडच्या दवाखान्यात, म्हणाली. तिच्या गावाजवळचा आहे. तिनेच मागून घेतलाय. मी म्हटलं, तिथे टाके घालायला कोण आहे?

"तिथे मीच असेन, मॅडम."

दुपारी जेवणही गेलं नाही. मी व्याख्याता होईन नाहीतर नाही होणार, मरू दे ती जागा. पण मे महिन्यात कोणीतरी रक्त गळत्या हाताने त्या दवाखान्यात येईल आणि ह्या मुलीने आजवर एकही टाका घातलेला नसेल. तेव्हा तिथे 'दे इकडे' म्हणायला मी असेन का?

रविवार, २२ मार्च

घरी. आईने विचारलं, तोंड का एवढंसं झालंय? सगळं सांगितलं. बाबा पेपर वाचत होते. पेपरमागून म्हणाले, "दुसरा ब्रेक."

बाबांचं ड्रायव्हिंग स्कूल आहे. एकच गाडी, एकच मास्तर. शिकवायच्या गाडीत मास्तरच्या पायाशीही एक ब्रेक असतो. तीस वर्षांत त्यांनी अख्ख्या गावाला गाडी शिकवली. भाजीवाल्या, वकील, आमचे सरसुद्धा त्यांचेच. फक्त मला येत नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. एकोणिसाव्या वर्षी सात दिवस शिकले, आठव्या दिवशी भांडून उतरले ती आजतागायत बसने फिरते. बाबांना मला शिकवताच आलं नाही, मी सगळ्यांना हेच सांगते.

"ब्रेक असतोच पायाखाली," बाबा म्हणाले. "तो आहे हे शिकणाऱ्याने विसरायला हवं. आणि मास्तरने विसरायचं नाही, पण दाबायचाही नाही. तिथेच सगळी गोम आहे."

"मग माझ्या वेळी का दाबायचात हो सारखा?"

बाबा पुन्हा पेपरमागे गेले. आई स्वयंपाकघरातून ओरडली, "सांगा की आता!" बाबांनी पान उलटलं आणि म्हणाले, आज बातम्यांत काही दम नाही.

गुरुवार, २६ मार्च

आज घातला. आज घातला. आज घातला!

युक्ती माझीच. हात मोकळे असले की ते जातातच पुढे, जित्याची खोड. म्हणून सकाळी स्टीलचा मोठा ट्रे घेतला, त्यात सलाइनच्या आठ बाटल्या उभ्या केल्या आणि तो दोन्ही हातांत धरून उभी राहिले. सोडला तर काचा! पेशंट प्लंबर होता, पोटरीवर जखम. म्हणाला, "ह्या बाई काय विकायला आल्यात?"

मूगने सुई तिरकी धरली. माझ्या बाटल्या खणखणल्या. सिस्टरांनी सांगितलंय, बोलायच्या आधी दहा मोजायचे. मोजले. सातव्या आकड्याला मूगने स्वतःच सुई बघितली आणि सरळ केली. स्वतःच! म्हणजे चार महिने मी सातव्या आकड्याच्या आधीच हिसकावून घेत होते.

तीन टाक्यांना सव्वीस मिनिटं लागली. माझे खांदे भरून आले. प्लंबर म्हणाला, "निवांत करा, मला कुठे जायचंय, नळ गळतच राहणार." तिसरी गाठ बसली तेव्हा मूगने माझ्याकडे बघितलं आणि हसली. तिला डाव्या गालावर खळी पडते, हे मला आज कळलं. मला रडूच आलं. ट्रे हातात असल्याने डोळेसुद्धा पुसता येईनात, प्लंबरनेच आपला रुमाल पुढे केला.

बुधवार, १ एप्रिल

माती खाल्ली.

सहा पेशंट झालेत मूगचे. मला वाटलं, आता ट्रेची गरज नाही. अर्ध्या हळकुंडाने पिवळी झाले मी. आज एक लहान मुलगी होती, कपाळावर खोक, नुसती किंचाळत होती आणि तिची आजी तिच्याहून मोठ्याने. मूगची सुई अर्ध्यावरच थांबली. आणि माझ्या तोंडातून गेलंच. हातही गेला. मी मुलीला विचारलं, शाळेत तुझ्या शेजारी कोण बसतं? ती हुंदके देत सांगायला लागली आणि दोन मिनिटांत सगळं आटोपलं. आजी मला आशीर्वाद देऊन गेली.

मूग तिचे ग्लोव्हज काढून कोपऱ्यात उभी. डायरी काढली, काहीतरी लिहिलं, परत ठेवली.

जेवायच्या सुट्टीत तिला शोधत गेले. जिन्यात डबा खात होती. म्हटलं, चुकलं माझं. मी आजवर कोणा ज्युनिअरला हे म्हटलेलं नाही. ती म्हणाली, "मॅडम, त्या मुलीला तुम्हीच घालायला हवे होते. मला नसतं जमलं." मी म्हटलं, मग? ती म्हणाली, "पण नुसतं सांगायचं होतं, की आता मी घेते. हिसकावून नको."

एवढं लांब वाक्य पहिल्यांदाच ऐकलं तिच्या तोंडून. आणि खरंही तेच आहे. गरज असेल तर मास्तरने ब्रेक दाबायचाच, पण 'दाबतोय' असं सांगून.

तिने मला डब्यातलं अर्धं अंडं दिलं.

गुरुवार, ९ एप्रिल

उद्या परीक्षा. कॅज्युअल्टीत टाके घालायचा जो पहिला पेशंट येईल तो मूगचा. सिस्टर आणि सर दोघं बघणार. मूगचे एकूण चौदा पेशंट झाले. शेवटचा अकरा मिनिटांत.

ती शांत आहे. मीच सकाळपासून तीनदा पाणी सांडलं. ट्रे धुऊन ठेवलाय. बाटल्या नऊ केल्या, खबरदारी म्हणून.

शुक्रवार, १० एप्रिल

डाव्या हाताने लिहितेय, अक्षर माफ. सगळं क्रमाने लिहिते, नाहीतर मलाच उद्या खरं वाटायचं नाही.

सकाळी साडेसातला घरातून निघत होते. बाबा अंगणात गाडीवरची 'शिकाऊ' पाटी रंगवायला बसले होते. पिवळ्या रंगाचा जुना डबा, गंजलेला, झाकण घट्ट बसलेलं. बाबा स्क्रू ड्रायव्हर लावून सावकाश एकेका बाजूने उचकत होते. त्यांची पद्धतच ती. मी घड्याळ बघितलं, चप्पल घातली, आणि...

"द्या इकडे, बाबा!"

हिसकावलाच. जोर लावला. झाकण उडालं, पत्र्याची कड सट्कन उजव्या अंगठ्याच्या मुळाशी. दोन इंच. पिवळा रंग आणि लाल रक्त, अंगणाची शोभा झाली नुसती. बाबांच्या तोंडचं पाणी पळालं. आई टॉवेल घेऊन धावली, गुंडाळता गुंडाळता म्हणाली, "बापलेक दोघं सारखेच!" बाबांनी गाडी काढली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी पिवळा सिग्नल तोडला.

कॅज्युअल्टीत सिस्टर, सर आणि मूग एक तासापासून वाट बघत होते. आज गावात कोणालाच काही लागलं नव्हतं! दार उघडून मी आत गेले, हाताला टॉवेल, नाकाला पिवळा रंग. सगळे माझ्याकडे बघायला लागले. सर म्हणाले, "पेशंट कुठाय, एवढा उशीर?"

मी टॉवेल सोडला.

सिस्टर इतक्या हसल्या की त्यांना चष्मा काढावा लागला. "ह्याहून चांगला पेशंट आपल्याला मिळाला नसता." मी म्हटलं, अहो पण ही परीक्षा... तर म्हणाल्या, "नियम तोच. हात लावायचा नाही. आज तुम्हाला सोपं जाईल."

सरांनी अंगठा हलवून बघितला, शिरा शाबूत आहेत म्हणाले, आणि मागे सरकले. मी टेबलावर आडवी झाले. नऊ वर्षं त्या टेबलाच्या बाजूला उभी राहतेय, आडवी आजच झाले. वरचा दिवा किती डोळ्यांत जातो! कोणी सांगत कसं नाही?

मूग आली. टेबलाशी वाकून, पेशंटला सांगतात तसं मला सांगितलं, मॅडम, मी अमुक करणार आहे, आधी बधिर करेन, धनुर्वाताचं इंजेक्शनही द्यावं लागेल, कसली ॲलर्जी? मला सगळं माहीत असून मी नाही म्हणून मान हलवली. आणि खरं सांगते, घाबरले. माझा उजवा हात आहे हा. सोन्याचा म्हणतात तो. चौदाच पेशंट केलेल्या मुलीच्या पुढ्यात माझं सगळं आयुष्य पडलं होतं, आणि एवढंसं तोंड उघडून 'सर, तुम्हीच घाला ना' म्हटलं असतं तर सर नाही म्हणाले नसते.

दहा मोजायला लागले.

मूगने सुई हातात घेतली आणि विचारलं, "मॅडम, तुम्हाला गाडी का येत नाही?"

म्हटलं, "अगं, ती मोठी कथा आहे. बाबा शिकवायचे, पण गाडी सुटली रे सुटली की त्यांचा पाय ब्रेकवर, मी नुसती स्टिअरिंग धरून बसायची, मला तर वाटायचं गाडी बंदच—"

"झालं, मॅडम."

काय झालं? टोचून झालं होतं. मला कळलंच नव्हतं.

मी तशीच छताकडे बघत राहिले. बेकरीवाला, शाळेतली मुलगी, त्याआधीचे किती तरी. पेशंट बोलके असतात म्हणायचे मी. पेशंट कसले बोलके! मीच विचारायचे आणि मलाच माहीत नव्हतं. "हे तुला कोणी शिकवलं?" मी विचारलं. "तुम्हीच," ती म्हणाली. "नऊ नंबर."

पहिला टाका सैल बसला. अंगाखाली दाबून धरलेला माझा डावा हात आपोआप बाहेर आला. सिस्टरांची मान वळली. मी हात परत खाली दाबला आणि सिस्टरांनी वर्गात शिकवलेलं एक वाक्य म्हटलं, "तुला काय वाटतं?"

मूगने वाकून बघितलं. "सैल आहे. काढते, परत घालते." काढला, परत घातला. मग चार सुबक टाके, ओळीत, माझ्या स्वतःच्या टाक्यांपेक्षा एक केसभरच डावे. सर वाकून बघत म्हणाले, "हे तर तुझेच टाके आहेत गं."

मग तिने मला डायरी दाखवली. 'मॅडमचे टाके', एकवीस पायऱ्या. मला विचारलं असतं तर मी अकरा सांगितल्या असत्या. नऊ नंबर: 'टोचण्याआधी पेशंटला त्याच्या घरचा किंवा कामाचा प्रश्न. उत्तर रंगात आलं की टोचायचं.' आणि पानाच्या तळाशी, १ एप्रिलची तारीख टाकून: 'मॅडमनी आज सॉरी म्हटलं. हेही शिकण्यासारखं.'

बाहेर बाकावर बाबा बसले होते, हाताला पिवळा रंग, डोळे लाल. "मी डबा सोडायला नको होता," म्हणाले. मी म्हटलं, बाबा, मी हिसकावला.

सोमवार, २० एप्रिल

टाके निघाले. मूगनेच काढले. रेघ एवढी बारीक की शोधावी लागते.

दाखला मिळाला. सिस्टरांनी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलंय, 'मध्ये पडण्याचे टाळले. एक हात नाइलाजाने, दुसरा स्वेच्छेने.' सरांनी वाचून अर्जावर सही केली. जूनपासून मी व्याख्याता! आईने फोनवर शेजारच्या तीन घरांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने 'काय सांगतेस!' म्हटलं.

मूगच्या लॉगबुकवर मी सही केली. पाहिले: बावन्न. स्वतः घातले: एकोणीस. निघताना ती म्हणाली, "मॅडम, एक सांगू? फळ्यावरचं दे. इ. म्हणजे..." 

"देखरेख इन्चार्ज," मी म्हटलं.

तिने सांगितलं. मी लिनन रूमचं दार लावून घेतलं आणि चादरींच्या गठ्ठ्यावर पडून पोट दुखेपर्यंत हसले. मग बाहेर येऊन मीही कबूल केलं, की मी तुला मूग म्हणते. ती म्हणाली, "माहीत आहे. एकदा हाक मारताना 'मू' म्हणून थांबला होतात." तरी इतके महिने बोलली नाही. मूग ती मूगच! जाताना मला घट्ट मिठी मारली. फार आठवण येणार आहे हिची.

रविवार, २६ एप्रिल

वहीची सहा आठवड्यांची सक्ती संपली. तरी लिहितेय.

सकाळी बाबा म्हणाले, "चल, बस."

"कुठे?"

"ड्रायव्हरच्या जागेवर."

मी म्हटलं, नको बाबा, या वयात भांडण नको. शेजारच्या सीटवर बसले, चपला काढल्या, आणि सीटवर चक्क मांडी घातली. जेवायला बसतात तशी. "आता पाय पोचत नाही," म्हणाले.

गाडी तीनदा बंद पडली. आई फाटकात उभी राहून हात जोडत होती, आम्हाला की देवाला कोण जाणे. रस्त्याला लागलो. बाबा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तुझ्या वेळी पायच ऐकायचा नाही गं. लोकांची पोरं बसली की गाडी दिसायची. तू बसलीस की फक्त तू दिसायचीस." मी वळून त्यांच्याकडे बघणार होते, पण समोर पाण्याच्या टाकीचा चढ दिसत होता. एकोणिसाव्या वर्षी तिथेच भांडले होते. मागे टेम्पो, पुढे चढ.

"बाबा, मला नाही—"

"काय गं," बाबा म्हणाले, "त्या तुझ्या मुलीचं काय झालं? गेली का डोंगरापलीकडे?"

म्हटलं, अजून नाही, पुढच्या आठवड्यात जाईल, पण काल तिचा गावाहून फोन आला होता, शेजारच्याच्या पायाला कुऱ्हाड लागली तर हिने घरातच सामान मागवून घेतलं, सात टाके, बारा मिनिटं, आणि तो माणूस म्हणे पूर्ण वेळ आपल्या म्हशीबद्दल सांगत होता, आणि मग ती म्हणाली की मॅडम, तिथे माझ्या हाताखाली एक नर्स येणार आहे, तिला कसं शिकवू, तर मी सांगितलं, एक ट्रे घे...

बोलता बोलता बघते तर टाकी मागे पडली होती आणि गाडी सपाट रस्त्याला लागली होती. चढ कधी संपला कळलंच नाही.

बाजारापर्यंत जाऊन परत आलो. फाटकाशी मी नीट ब्रेक लावला. बाबांना मात्र उतरता येईना. मांडी घालून घालून दोन्ही पायांना मुंग्या आल्या होत्या. मी आणि आई, एकेक खांदा धरून त्यांना घरात घेऊन गेलो.